स्वाराविना घोडा

मुंबईत एक चौक पन्नासहून अधिक वर्षं घोड्याशिवाय काळा घोडा म्हणून नांदला. बसचा कंडक्टर तेच नाव पुकारायचा, टॅक्सीवाल्याला तेवढंच सांगितलं की पुरायचं, आणि फोर्टातल्या कचेऱ्यांचे शिपाई टपाल वाटताना 'घोड्यापासून डावीकडे' असा पत्ता सांगायचे. घोडा 1965 साली तिथून उचलून भायखळ्याला नेला गेला. नवा आला तो 2017 साली. मधल्या काळात जन्मून, शिकून, नोकरीला लागून निवृत्तीच्या वाटेला लागलेल्या कितीतरी मुंबईकरांनी चौकातला घोडा कधी पाहिलाच नव्हता. नाव मात्र कुणी टाकलं नाही. पुतळा उभारणारे वेगळे, हलवणारे वेगळे, नवा आणणारे वेगळे. पण त्या पुतळ्यात नेमकं काय पाहायचं, हे रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांनी फार आधीच ठरवून टाकलं होतं. मला या चौकाची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्या माणसांसाठी.

माझं बालपण भायखळ्याच्या चाळीत गेलं आणि नोकरी फोर्टात. म्हणजे लहानपणी मूळ घोडा हाकेच्या अंतरावर होता, आणि मोठेपणी त्याची रिकामी जागा रोजच्या वाटेवर होती.

आधी जागेबद्दल. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडली गेली. तट गेला, त्याच्या कडेने रस्ता झाला, आणि त्याचं नाव रॅम्पार्ट रो पडलं. आज तो के. दुभाष मार्ग. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात भराभर मोठ्या इमारती उठल्या. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून वॉटसन हॉटेल उभं राहिलं, ज्यात पुढे 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं या देशात पहिल्यांदा दाखवली गेली. शेजारी डेव्हिड ससून ग्रंथालय झालं. नंतर एल्फिन्स्टन कॉलेज आलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी याच कॉलेजात शिकत होता, आणि समोर तो घोडा उभा होता.

तो तिथे आला कसा? 8 नोव्हेंबर 1875 रोजी इंग्लंडचा युवराज एडवर्ड 'सेरापिस' जहाजातून मुंबईत उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. शहरभर रोषणाई झाली, मेजवान्या झाल्या, त्याच्या हस्ते प्रिन्सेस डॉकची कोनशिला बसली. या भेटीची आठवण म्हणून पुतळ्याचा खर्च उचलला अल्बर्ट ससून यांनी. ते बगदादचे ज्यू, 1818 साली तिथेच जन्मलेले. वडील डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईला आले आणि मोठे व्यापारी झाले. आजही ज्याच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव चालतो तो ससून डॉक अल्बर्टचाच, 1875 सालचा. बापाच्या नावाचं ग्रंथालय चौकाच्या एका बाजूला आणि मुलाने दिलेला युवराजाचा पुतळा मधोमध, अशी ती मांडणी होती. आश्रयाला आलेल्या घराण्याने राज्यकर्त्यांशी नातं पक्कं करायचं, तर ते असंच दगडधातूत करावं लागे. त्यांना मी दोष देणार नाही. त्याच घराण्याच्या पैशातून पुण्यात ससून रुग्णालय उभं राहिलं, जिथे आजही गोरगरिबांची रांग लागते.

पुतळा घडवला जोसेफ एडगर बोमने. जन्म व्हिएन्नाचा, 1834 सालचा. पुढे तो लंडनला स्थायिक झाला आणि राणीच्या मर्जीतला शिल्पकार बनला. 1887च्या ज्युबिलीच्या नाण्यांवरचं व्हिक्टोरियाचं डोकं त्याचंच. माणसांइतकाच तो जनावरांच्या शिल्पांसाठी ओळखला जाई, आणि घोड्यांचं अंग त्याला चांगलं कळत असे. राजघराण्याला हवा होता युवराज. बोमने युवराज दिला, पण त्याच्याखाली घोडाही मन लावून घडवला. 1879 साली पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हा एडवर्ड अजून राजाही नव्हता. गादीवर बसायला त्याला 1901 उजाडावं लागलं.

आता त्या काळच्या रस्त्यावर उभं राहून पाहा. चौथरा उंच. पायी चालणाऱ्याच्या नजरेसमोर येत ते घोड्याचे खूर, छाती, पोटाची गोलाई. स्वाराचं तोंड पाहायचं तर मान मागे टाकून उन्हात डोळे बारीक करावे लागत, आणि तिथून रोज जाणाऱ्या हमालाला, कारकुनाला, डबेवाल्याला तेवढी फुरसत नव्हती. शिवाय घोडा ही त्यांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट होती. 1874 साली मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. ट्राम कंपनीच्या तबेल्यात 900 घोडे होते असं सांगतात. व्हिक्टोरिया गाड्या होत्या, साहेबांच्या बग्ग्या होत्या. घोड्याची ठेवण, त्याच्या मानेचा बाक, त्याचा थकवा हे सगळं मुंबईकराला कळत होतं. युवराज कळण्याचं त्याला कारण नव्हतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभं असलेलं ब्राँझ काळंभोर दिसे. रंग आणि जनावर, दोन्ही एका दृष्टीत भरले. काळा घोडा हे नाव असं पडलं, आणि एडवर्डचा पुतळा हे नाव सरकारी कागदांत राहिलं.

आमचे दादा स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत फोर्टातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. चारचौघांनी भेटायचं ठिकाण म्हणजे घोडा. पगार झाला की तिथे जमायचं आणि तिथूनच सगळ्यांनी आपापल्या ट्रामने जायचं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "दादा, वर कोण बसला होता?" ते म्हणाले, "कुणीतरी गोरा. पण घोडा देखणा होता हो." वर्षानुवर्षं ज्याच्या पायाशी उभे राहिले, त्या स्वाराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या बरोबरीच्या कुणालाही नव्हतं. साम्राज्याने चौकाचौकात आपली माणसं उंचावर बसवली ती लोकांनी त्यांना पाहावं म्हणून. लोकांनी खालचं जनावर पाहिलं.

सगळेच पुतळे इतक्या मायेने पाहिले गेले असं मात्र नाही. याच फोर्टात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता, आणि 1896 साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. राग खरा होता आणि तो स्वातंत्र्यानंतरही विझला नव्हता. 1961 साली प्रजासत्ताकदिनी गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, भाऊ साठ्यांनी घडवलेला. तिथून काळा घोडा चालत दहा मिनिटांवर. संयुक्त महाराष्ट्र नुकताच झालेला, हुतात्म्यांचं रक्त अजून आठवणीत ओलं, आणि शहराच्या मध्यावर परका युवराज घोड्यावर बसलेला. तो तिथे नको, हे म्हणणं मला पूर्णपणे पटतं. 1965 साली तो हलवला गेला. चूक एवढीच झाली, की स्वाराला घालवताना लोकांचा घोडाही गेला. त्या दोघांना वेगळं करण्याची युक्ती तेव्हा कुणाला सुचली नाही, आणि कदाचित त्या दिवसांत ती सुचण्यासारखीही नव्हती.

फोर्टातून निघालेला घोडा आमच्या भायखळ्याला आला. राणीच्या बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, पण गिरणगावातली माणसं अजून राणीची बागच म्हणतात. हाही त्याच लोकांचा स्वभाव. बागेला लागून 1872 साली उघडलेलं वस्तुसंग्रहालय आहे, 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. ज्या पुतळ्यांना चौकात जागा उरली नव्हती त्यांना या आवाराने ठाव दिला. मुंबईचा हा कोपरा मला नेहमीच दयाळू वाटत आला आहे. रविवारी आई डब्यात दशम्या घ्यायची आणि आम्ही पोरं हत्ती, गेंडा, माकडं पाहून झालं की तिथे यायचो. दादा तेव्हा घोड्यासमोर जरा जास्त वेळ थांबत. सोबत कुणी छापखान्यातलं असलं तर दोघं मिळून फोर्टातल्या माणसांची नावं काढत, कोण गेला, कोण गावी परतला. त्यांच्यासाठी तो पुतळा आता राजाचाही नव्हता आणि नुसता घोड्याचाही नव्हता. त्याच्या पायाशी जमलेल्या माणसांचा होता.

त्याच आवारात आणखी एक काळं जनावर उभं आहे, आणि काळ्या घोड्याची गोष्ट त्याच्याशिवाय मला अपुरी वाटते. घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ दगडात कोरलेला एक मोठा हत्ती होता. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यावरून. 1814 साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. 1864 साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. इंग्लंड हुकलं. तुकडे राणीच्या बागेत आले. पन्नास वर्षांनी, 1914 साली, कॅडेल आणि ह्युएट या दोन अधिकाऱ्यांनी ते एकेक जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिलं तर सांधे दिसतात. कुठला भाग मूळचा आणि कुठे भरणी केली आहे, ते लपवलेलं नाही. मला तो अखंड हत्तीपेक्षा अधिक प्रिय आहे, कारण त्याच्या अंगावर त्याचं सगळं आयुष्य वाचता येतं: कोरणाऱ्याचा हात, काळाची झीज, लुटायला आलेल्यांचा अडाणीपणा आणि जुळवणाऱ्यांची चिकाटी. फुटलेलं शिल्प सांधता येतं, हे भायखळ्याच्या पोरांना शाळेच्या आधी या हत्तीने शिकवलं.

मी नोकरीला फोर्टात लागले तेव्हा चौकात गाड्या लावायची जागा होती. घोड्याच्या जागी फियाट आणि अँबेसिडर ओळीने उभ्या असत. आजूबाजूचा परिसर मात्र शहरातला सगळ्यात जिवंत तुकडा होता. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 सालापासून होतीच. तिच्या बाहेर फूटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसत. ऱ्हिदम हाउसमध्ये तबकड्या मिळत, आणि पुढे कॅसेट. ससून ग्रंथालयाच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांवर म्हातारे वाचक दुपारी डोळे मिटून पडलेले असत. आणि वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीशी अरुण कोलटकर बसलेले असत. जेजुरीच्या खंडोबावर लिहिणारा हा कवी, त्यांनी या चौकावर आख्खं पुस्तक लिहिलं, काळा घोडा या नावानेच. पुस्तक 2004 साली निघालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. त्या पुस्तकात कुत्री आहेत, झाडू मारणाऱ्या बाया आहेत, रस्त्यावर इडली खाणारी माणसं आहेत. ज्यांना चौथऱ्यावर कधीच कुणी बसवलं नसतं त्या माणसांचं ते पुस्तक आहे. घोडा नसताना त्या जागेचं नाव कुणी राखलं, असं मला कुणी विचारलं तर मी या माणसांकडे आणि त्यांच्या या कवीकडे बोट दाखवीन.

घोडा परत आणण्याची खटपट मात्र फक्त आठवणीवर होत नाही. तिला संस्था लागते, पैसा लागतो, परवानग्या लागतात आणि वर्षानुवर्षं न कंटाळणारी माणसं लागतात. 1998 साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. परिसरातल्या जुन्या इमारतींची निगा राखावी आणि या भागाला कलेचं केंद्र म्हणून उभं करावं, हा तिचा हेतू. 1999 साली पहिला काळा घोडा कला महोत्सव झाला. तेव्हापासून दर फेब्रुवारीच्या आसपास नऊ दिवस रस्ता गाड्यांकडून काढून माणसांच्या हाती दिला जातो. नाच, गाणी, नाटक, पोरांची कार्यशाळा, कुंभाराचं चाक, सगळं फुकट. त्या नऊ दिवसांत कलावंत रस्त्यावर घोडे उभे करू लागले, हाती येईल त्या सामानाचे, कुणी गंभीर, कुणी रंगीत. महोत्सव संपला की घोडे निघून जात. पण दर वर्षी त्या जागेला घोड्याची सवय लागत होती. मोठा पुतळा एका रात्रीत येत नाही. आधी लोकांना तो डोळ्यांपुढे दिसावा लागतो, आणि हे काम त्या तात्पुरत्या घोड्यांनी केलं.

मग कायमचा घोडा करायचं ठरलं. आराखडा वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांचा, आणि घडवला श्रीहरी भोसले यांनी. 25 फूट उंचीचं हे शिल्प जानेवारी 2017 मध्ये जुन्या जागेजवळच उभं राहिलं. काळा घोडा, पाठीवर कुणी नाही.

मूळ पुतळाच भायखळ्याहून परत आणावा, असं म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. बोमच्या हातचं काम ते बोमच्या हातचं काम, नवं कितीही चांगलं झालं तरी त्याला ती जात नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि शिल्प म्हणून पाहिलं तर त्यात तथ्य आहे. दुसऱ्या टोकाला असेही लोक आहेत ज्यांना गुलामीच्या खुणेची सावलीसुद्धा नको. मला दोघांनाही सांगावंसं वाटतं, की 2017 साली जो घोडा उभा राहिला तो युवराजाच्या पुतळ्याची नक्कल नाही. शंभरहून अधिक वर्षं लोक ज्याला नाव घेऊन हाक मारत होते, त्याला पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा पुतळा मिळाला. ससूननी पैसे दिले ते युवराजासाठी. असोसिएशनने उभारला तो घोडा. मूळ पुतळा भायखळ्याला आहे तो तिथेच असावा, त्या जुळवलेल्या हत्तीच्या सोबतीने; तिथे त्याच्याकडे राग न धरता, इतिहास म्हणून पाहता येतं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिची फारशी चर्चा झाली नाही. 2015 साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशी फेरीच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. निर्णय जनावरांच्या भल्याचा होता; डांबरी रस्त्यावर नाल घासत उभे असलेले ते हाडकुळे घोडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो पटेलच. पण त्यामुळे असं झालं, की 1874 साली शेकड्यांनी असलेले जिवंत घोडे शहराच्या रस्त्यांवरून नाहीसे व्हायला लागले, आणि त्याच वर्षांत चौकातला घोडा परत आला. ज्या ओळखीतून त्याला नाव मिळालं होतं, ती ओळख आता पुढच्या पिढीला या शिल्पावरूनच करून घ्यावी लागणार.

नवा घोडा आला त्या वर्षी आईला मी तो दाखवायला नेलं. तिचं माहेर तरडगावच्या बाजूचं. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला आळंदीच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, आणि लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं. पालखीसोबत दोन अश्व असतात, अंकलीहून शितोळे सरकारांकडून येणारे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात.

आई रस्त्याच्या कडेला उभी राहिली, वर पाहिलं आणि लगेच हात जोडले. मी म्हटलं, "अगं आई, हा देवाचा नाही." तर म्हणाली, "वर कुणी नाही ना? मग माउलींचाच." शिक्षण चौथीपर्यंतचं, पण तिने जे एका वाक्यात सांगितलं ते मला कुठल्याही वारसा जतनाच्या लेखात मिळालं नव्हतं. रिकामी पाठ पाहून तिला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. महाराष्ट्राला स्वाराविना घोड्याची सवय शतकांची आहे. ती जागा कुणा माणसाने बळकावायची नसते, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. शिल्पकाराच्या मनात हे होतं की नव्हतं, याने मला फरक पडत नाही. 1879 साली बघणाऱ्यांनी स्वार वगळून घोडा घेतला, आणि 2017 साली बघणाऱ्या एका बाईने रिकाम्या पाठीवर आपला देव बसवला. दोन्ही वेळा पुतळ्याचा अर्थ बघणाऱ्याने लावला.

ओळखीच्या शिक्षकांना मी नेहमी सांगते, पोरांची सहल काढाल तर दोन्ही घोडे एकाच दिवशी दाखवा. सकाळी भायखळ्यापासून सुरुवात करा. आधी घारापुरीचा हत्ती दाखवा, त्याचे सांधे बोटाने दाखवून त्याची गोष्ट सांगा. मग तिथला जुना घोडा, त्यावरच्या युवराजासकट. तो कोण होता, कुणी बसवला, कुणी का उतरवला, हे न लपवता सांगा. त्यानंतर बस पकडून फोर्टात या आणि नवा घोडा दाखवा. पोरं पहिला प्रश्न विचारतील तो वरचा माणूस कुठे गेला हा, आणि उत्तर त्यांनी सकाळीच पाहिलेलं असेल. दुपारचा डबा ससून ग्रंथालयाच्या बाजूला सावलीत खाता येतो.